शनिवारची मेणबत्ती

नेब्रास्कातल्या आमच्या गावी कापडाच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे सत्तरीच्या दोघी उभ्या होत्या. दोघींच्या स्वेटरवर कॉलेजातल्या एकाच भगिनीमंडळाची ग्रीक अक्षरं; या मंडळाच्या पोरी शिकत असेपर्यंत मंडळाच्याच घरात एकत्र राहतात. डार्लीनकडे पडद्याचं कापड, मार्लिसकडे एकच पांढरी मेणबत्ती.

"डार्लीन, पंधरा वार पुरेल का गं जेवणघराला?"

"पुरेल. मागचे पडदेही आपणच शिवले होते, पोरींनी त्यांनाच हात पुसले."

"आपण काय वेगळं करत होतो?"

"तेही खरंच. ते घर सोडून पन्नास वर्षं झाली, तरी पडदे आपल्याच गळ्यात! आणि ही मेणबत्ती कशाला?"

"शनिवारी पोरींबरोबर आपल्यालाही रिंगणात बसायचंय. मेणबत्ती हातोहात फिरणार."

"म्हणजे कुणाचं तरी लग्न ठरलं! कोण गं?"

"जी फुंकर मारेल ती. आधी सांगायचं नसतं, विसरलीस?"

"मला सांगायला काय होतंय? ती उंच पोरगी ना? अजून विशीची नाही! थांब, कानच उपटते तिचा."

"तिचा नको उपटूस."

"मग कुणाचा?"

"डार्लीन, शनिवारी तू माझ्या शेजारीच बस. मेणबत्ती मला तुझ्याच हातून हवीय."

"माझ्याच का?"

"बिचाऱ्या वॉल्टरशी माझं ठरलं, तेव्हाही तूच दिली होतीस. फक्त या खेपेला जरा विझत आलेली दे. फुंकर मारायला माझ्यात पहिल्यासारखा दम नाही राहिला."