दहा वर्षांची गॅरंटी

बीडच्या बसस्टँडवर फरजाना परळीच्या गाडीची वाट बघत बसली होती. मागच्या बाकावर दोघं भाऊ गेमिंगच्या कॉम्प्युटरचं बोलत होते. थोरल्याचा आवाज मोठा होता.

"अमर, ग्राफिक्स कार्ड मोठंच घे. चित्र कसं लख्ख दिसाया पायजे."

"दादा, मोठं कार्ड लई करंट ओढतंय. मग पॉवर सप्लायबी भारी लागंल."

"लागू दे की. दुकानदार म्हनला, भारीवाल्याची दहा वर्षांची गॅरंटी हाय."

"दहा वर्षं काय करू? डोळ्यांचा डाक्टर काय म्हनला, तू ऐकलंस ना?"

"डाक्टरचं सोड."

"कावून सोडू? कडंचं आत्ताच दिसंना झालंय. दिवाळीपतूर समोरचंबी जाईल म्हनला."

"म्हनून तर मोठं घे म्हनतो. जवर दिसतंय तवर नीट दिसू दे."

फरजानानं मांडीवरची पिशवी उगाच सारखी केली.

"बरं दादा, भारीच घेऊ. नंतर तू खेळ. मी शेजारी बसंन. काय दिसतंय ते मला सांगत जा."

"मला न्हाई जमायचं, अमर."

"सोपा गेम हाय. शिकवतो की."

"खेळायचं न्हाई म्हनत मी. तुला सांगत बसायचं म्हनतो."

परळीची गाडी लागली. मागं वळून न बघताच फरजाना गर्दीत शिरली.