चवीत फरक

(निवृत्त लाइन ऑपरेटर काकांच्या घरची बैठकीची खोली, दुपार. समोर त्यांच्या जुन्या सोबत्याची मुलगी. ती त्याच शीतपेयाच्या कंपनीत, मुख्य कचेरीत काम करते. तिनं नुकतीच लॅपटॉपवर त्यांना एक फिल्म दाखवली आहे.)

काका : नट देखणा घेतलाय हो. मी कधी असा दिसायचो?

ती : फिल्ममध्ये थोडं इकडचं तिकडं होतं, काका. पण गोष्ट तुमचीच आहे. ऐंशी देशांत दाखवणार आहेत. फक्त इथं तुमची सही हवी, की हरकत नाही म्हणून.

काका : आणि हरकत असली तर?

ती : थट्टा करताय माझी.

काका : नाही गं. तू मला ती पुन्हा सांग. तोंडी सांग. चित्रं फार पळतात, माझ्या हाती काही लागत नाही.

ती : बरं. सव्वीस वर्षांपूर्वीची दुपारची पाळी. एक साधा ऑपरेटर बाटल्या भरायच्या लाइनवर उभा आहे. एक बाटली उचलून घोट घेतो. चवीत जरासा फरक लागतो. साहेब जागेवर नाहीत, विचारायला वेळ नाही. तो लाल बटण दाबतो, लाइन बंद. बारा हजार बाटल्या ओतून देतात. मग पडद्यावर अक्षरं येतात, ‘आमची मूल्यं भिंतीवर नसतात, माणसांत असतात.’

काका : झकास. लिहिलं कुणी?

ती : मी.

काका : तू?

ती : आमचा विभागच तो. मूल्यं आणि प्रतिमा. गेल्या वर्षी कंपनीबद्दल किती वाईट छापून आलं, वाचलं असेल तुम्ही. साखरेवरून, पाण्यावरून. मग वरून धोरण आलं, पाच वर्षं एकच शब्द धरायचा, विश्वास. आता नुसतं विश्वास ठेवा म्हटलं तर कोण ठेवतं? म्हणून म्हणाले, खरी माणसं शोधा. मी महिनाभर तळघरात जुनी रजिस्टरं चाळत होते. एका पानावर तुमचं अक्षर सापडलं. दोन चाळीस, लाइन बंद, कारण, चवीत फरक. खाली तुमची सही. इतका आनंद झाला मला, काका. एवढ्या मोठ्या कंपनीत आपला माणूस निघाला.

काका : हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

ती : म्हणजे?

काका : खोटं आहे ते.

ती : अक्षर तुमचं, सही तुमची, आणि खोटं?

काका : अगं, मी ते पेय कधी तोंडाला लावलं नाही. मला आवडतच नाही. चव बघायला वर प्रयोगशाळेत एक बाई होत्या. लाइनवरचा माणूस घोट घेताना दिसला असता तर त्याच दिवशी घरी बसवला असता त्याला.

ती : मग बटण का दाबलं?

काका : तुझा बाप झाकणं बसवायच्या मशीनवर होता. बाटली तिरकी अडकली, त्यानं काढायला हात घातला. चालू मशीनमध्ये हात घालायचा नाही, असं लिहिलेलं होतं आणि घालायचे सगळेच. नाहीतर पाळीचा आकडा पुरा होत नसे. मी त्याची किंकाळी ऐकली आणि बटण दाबलं. तोवर तीन बोटं गेली होती.

ती : बाबांची बोटं घरी गेली, काका. दारात.

काका : तेच सांगतोय. गेटवर पाटी होती बघ, ‘अपघाताविना दिवस’. त्या दिवशी नऊशे एक्क्याण्णव होते. हजार झाले की परदेशातले साहेब बक्षिसाची ढाल घेऊन यायचे होते. मी रजिस्टर उघडलं तर मॅनेजर माझ्या मागं येऊन उभा. म्हणाला, मशीन लिहिलंस तर पाटी शून्यावर येईल, आणि चालू मशीनमध्ये हात घातला म्हणून ह्याची नोकरीही जाईल. चव लिही. चवीवर कुणी वाद घालत नाही. मी लिहिलं. आणि बाटल्या काय चवीपायी ओतल्या? रक्त उडालं होतं, पोरी. कुठल्या बाटलीत गेलं, कुणाला ठाऊक.

ती : पण घरी...

काका : मॅनेजरनं आपल्या गाडीतून त्याला आधी घरी नेलं. तुमच्या दारात उभा केला, शेजारपाजाऱ्यांना दिसू दिला, आणि मग घरून दवाखान्यात. तिथं लिहून घेतलं, दारात बोटं सापडली. बदल्यात त्याला गेटवर पासच्या वहीवर बसवलं, निवृत्त होईपर्यंत. दिलेला शब्द पाळला त्यांनी. उगीच खोटं कशाला बोलू?

ती : आणि हजार दिवस?

काका : झाले की. ढाल आली. आम्हाला एकेक घड्याळ मिळालं. तुझ्या बापानं उजवा हात खिशात ठेवून डाव्या हातानं घेतलं, साहेबांना वाटलं तो डावराच आहे. पुढं सांगू, पुढं सांगू म्हणत राहिलो. पण एकदा खोटं रजिस्टरात चढलं की उतरवायला कुणी येत नाही. मला वाटायचं, निदान घरात तरी तो बोलला असेल.

ती : नाही बोलले.

काका : मग आता तरी नीट कर. तू लिहिलंस, तूच खोड.

ती : पंधरा भाषांत आवाज भरून झालाय. परवा लागतेय. मी वर कळवलं तर ते वकिलाला कळवतील. वकील विचारणार, पुरावा काय? रजिस्टरात चव आहे, दवाखान्याच्या कागदावर दार आहे. मशीन कुठंच नाही.

काका : तर मग मी सही करत नाही.

ती : नका करू. तुमचं नाव गाळतील, ‘एक कामगार’ म्हणतील. गोष्ट आहे तशी जाईल.

काका : म्हणजे मी केली काय आणि न केली काय.

ती : हो. सही घ्यायची ती तुमचा मान राखायला. तसं धोरणातच लिहिलंय.

काका : वा. आणि तुझा बाप बोलला तर?

ती : बाबांनीच पाठवलंय मला. त्यांनी फिल्म बघितली, पुन्हा लावायला सांगितली. म्हणाले, जा, सही घेऊन ये, तो नाही म्हणायचा नाही.

काका : तोंड दाबून बुक्क्यांचा मार, सव्वीस वर्षं. धन्य आहे त्याची. अगं, पण तू का रडतेस? तू तर चार वर्षांची होतीस तेव्हा.

ती : म्हणूनच. आई कामावर होती, मी शेजारच्या मावशींकडे. पळून आमच्या घरात जायचे आणि दारं आपटायचे, खोडच होती मला. त्या दिवशीही आपटलं होतं. थोड्या वेळानं बघते तर बाबा दारात उभे, हाताला फडकं गुंडाळलेलं, त्यातून रक्त गळतंय. मावशी म्हणाल्या, काय केलंस गं हे?

काका : अरे देवा.

ती : बाबा डाव्या हातानं शर्टाची बटणं लावायला शिकत होते, तेव्हा मी समोर बसून बघायचे. आजही कचेरीत दार लावताना फटीत कुणाचा हात नाही ना, ते आधी बघते. लोक हसतात मला.

काका : त्याला गं काय ठाऊक, तू मनात काय धरून बसलीस ते. लेकरं असलं बोलत नाहीत. त्याला कळलं असतं ना, तर त्यानं नोकरी बघितली नसती, मॅनेजर बघितला नसता. तुला जवळ घेऊन सगळं सांगितलं असतं. मी ओळखतो त्याला.

ती : कळलं होतं, काका. सातवीत असताना मी त्यांची माफी मागितली.

काका : मग? काय म्हणाला?

ती : म्हणाले, जाऊ दे, लहान होतीस तू.