ऑर्व्हिल नावाचा मासा

पॅलिसेड गावच्या दवाखान्यात कॅरा बाळाला थोपटत बसली होती. शेजारी पीचच्या बागेवाले म्हातारे ऑर्व्हिल आणि त्यांची बहीण नदीन यांची जुंपली होती.

"आज कालव्याच्या बैठकीत मी ठरावाला हात वर करणार नाही. माझी झाडं तहानलेली, आणि पाणी नदीत सोडायचं, माशांसाठी?"

"दादा, हळू! बाळ झोपतंय."

"एवढं पाणी कशाला लागतं त्यांना?"

"नदी आटली की मरतात रे. त्या जातीचे उरलेत किती? म्हणून तर तुझ्या नातीनं शाळेत वाढवलाय ना एक?"

"काल सोडला नदीत. सोडताना त्याचा मुका घ्यायची पद्धत आहे म्हणे. तिनं घेतला, मग मला घ्यायला लावला."

"शी!"

"शी काय? ऑर्व्हिल नाव ठेवलंय त्याचं. पाठीला कुबड, ओठ लोंबते. म्हणते, अगदी आजोबा!"

कॅरानं बाळाच्या टोपीत तोंड लपवलं.

"मग आता?"

"करतो हात वर. पण ऑर्व्हिलपुरतंच पाणी!"

"आणि बाकीचे मासे?"

"त्यांना तो देईल की त्यातलं."

"तुझं नाव लावलेला मासा? थेंब देणार नाही कुणाला."



"बरं बाई. सगळ्यांना पुरेल एवढं."