गिअर न्यूट्रल करा, साडूभाऊ!

सिग्नल नेरूळचा होता की जुईनगरचा, हे आता छातीठोक सांगवत नाही, पण आमच्या साडूंचा आवाज अजून कानात आहे. गुडघेदुखीमुळे मी तेव्हा नवी ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. विकणाऱ्याने बजावलं होतं, सिग्नलला थोडा वेळ थांबताना गिअर 'डी'मध्येच ठेवा, पाय ब्रेकवर. मी तसंच केलं.

शेजारी बसलेले साडू ओरडले, "अहो, न्यूट्रल करा! गिअरबॉक्स जाळताय का? बारा वर्षं मस्कतला काढलीत मी. तिथे सगळ्या ऑटोमॅटिकच!"

मस्कत म्हटल्यावर माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. तेवढ्यात त्यांनी स्वतःच दांडा न्यूट्रलला ढकलला. सिग्नल सुटला. मी ॲक्सिलरेटर दाबला, तर इंजिन नुसतंच गुरगुरलं आणि मागून हॉर्नचा मारा सुरू झाला. "दाबा, दाबा!" म्हणत साडूंनी दांडा खाडकन 'डी'मध्ये ओढला. गाडीने उडी मारली ती थेट पुढच्या रिक्षावर.

रिक्षावाला उतरून मला म्हणाला, "काका, चालवायला येत नाय तर कशाला बसता पुढे?"

मी तोंड उघडण्याआधी साडू म्हणाले, "मी कधीचा सांगतोय यांना!"

यांना! गाडी माझी, बंपर माझा, आणि वर नातेवाइकांत बोभाटा, की मला ऑटोमॅटिकसुद्धा झेपत नाही. माझाही त्यावर विश्वास बसला होता.

बऱ्याच वर्षांनी मेव्हणीला सहज विचारलं, मस्कतला तुमची गाडी कोणती होती?

"गाडी कुठली, भाऊजी? यांना तिथे लायसन्सच मिळालं नाही. कायम कंपनीच्या बसने जायचे."