फायनलच्या आधीची वेणी

—मान सरळ ठेव गं भिंगरे, नाहीतर वेणी वाकडी व्हायची, आणि उद्या पेपरात फोटो येईल तो नेमका पाठमोरा! करंडक कोणाला का मिळेना, वेणी तुझ्या ताईच्या हातची आहे. आरशातून डोळे वटारू नकोस — ठाऊक आहे मला, मॅचच्या दिवशी पहिला पॉइंट होईपर्यंत तू तोंड उघडत नाहीस, म्हणून तर मला दोघींच्या वाटचं बोलावं लागतं. घाबरलीस? छे, तू कशाला घाबरशील, ते खातं माझ्याकडे — आई गं! — हा भोंगा असा कानाशी का बोंबलतो? आपलं नाही, मिश्र दुहेरीवाल्यांना बोलावताहेत. बस.

आईचा फोन होता. अख्खी फायनल टीव्हीपुढे उभ्यानं बघणार म्हणे, ती बसली की तुझी सर्व्हिस जाते. बाबांचा निरोप — ‘पुढे जाऊन मार म्हणावं.’ जन्मात रॅकेट धरली नाही, पण सल्ला तयार! आणि ती समोरची असेल जगात पहिली, असेल ताडमाड, बॅकहँडला उंच चेंडू दिला की वैतागतेच. काल सरावात तिची नक्कल करून मी कशी वैतागले, तस्सं. पुढच्या स्पर्धेला नकला करायला दुसरी कोणीतरी शोध, पण माझ्याइतकी वाईट नक्कल —

काही नाही. पिन दे. काही नाही म्हटलं ना! अगं वळू नकोस, सुटले सगळे केस — बरं, सांगते. आपल्या जुन्या क्लबात मुलींना शिकवायला बोलावलंय मला. हो म्हटलंय. आज संध्याकाळी सांगणार होते, तुझे हात करंडकात अडकलेले असताना, म्हणजे मार बसला नसता. इतकी वर्षं तुझ्यासमोर मी रोज दुसरीच कोणी होऊन खेळले गं, कधी डावखुरी, कधी ही ताडमाड — माझा स्वतःचा फोरहँड कसा होता, तेच आठवेना झालंय. झालं, फायनलच्या तोंडावर हेच सुचलं मला! रडतेयस? की हसतेयस? बोल काहीतरी — नको, नको, बोलू नकोस!

रॅकेट कशाला देतेयस मला? काय खुणावतेस — माझा फोरहँड? आत्ता? इथे? दिवा फुटेल गं. बरं, सरक. अजून मागे सरक.

...

आलाच की माझा फोरहँड.

ऐक, तुझं नाव पुकारलं. जा. वेणी राहू दे आता, नुसतं रबर लाव. मिठीबिठी नको, माझ्या भीतीची तुला लागण व्हायची. जा म्हणते ना — अगं, दार इकडे, ते कपाट आहे!