खालच्या पायरीवरचा घड्याळजी

घड्याळजी : वर काही बघण्यासारखं नाही, साहेब. घड्याळ बाहेरूनच छान दिसतं. टेका इथेच, पायरीवर.

साहेब : आजोबा, मी तपासणीला आलोय. घड्याळ चालू असेल आणि त्याला चावी देणारा माणूस असेल, तरच मनोरा ठेवायचा. नाहीतर किल्ला गेला त्याच वाटेने हाही जाणार.

घड्याळजी : किल्ला पाडला तेव्हाही कुदळ ह्याच्यापर्यंत आली होती. पण मजुरांना जेवणाची सुट्टी कळायला घड्याळ हवं ना! म्हणाले, ह्याला सगळ्यात शेवटी पाडू. शेवटी सगळे घरी गेले.

साहेब : (नोंदवही चाळत) चावीची नोंद रोजची आहे, खाली तुमची सही. पण एक विचारू? तीन वर्षांपूर्वीपर्यंत तुमचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मग एकदम मोत्याचे दाणे?

घड्याळजी : सराव, साहेब.

साहेब : पंचाहत्तरीत?

घड्याळजी : उशिरा सुचलं.

सून : बाबा, पुरे आता. साहेब, मी ह्यांची सून. चावी मी देते, सहीही मीच ठोकते. ह्यांचे गुडघे तिसऱ्या पायरीलाच संपावर जातात.

घड्याळजी : झालं! खरं बोलायला हिला आजचाच मुहूर्त सापडला!

साहेब : मग तीन वर्षं तुम्ही काय करता, आजोबा?

घड्याळजी : ऐकतो.

सून : खरंच ऐकतात. चावीचे ऐंशी फेरे असतात. हे इथे बसून मोजतात. एकदा मी एकोणऐंशीवर थांबले, तर खालून आरोळी, ‘एक राहिला, आळशे!’

घड्याळजी : राहिला होताच.

सून : हो, होता. हात भरून आला होता माझा.

साहेब : बरं, ह्यांच्या जागी तुमचं नाव घालतो, बाई. अनुभव?

सून : तीन वर्षं.

साहेब : ती तर दप्तरात ह्यांच्या नावावर आहेत. तुमचा अनुभव शून्य.

घड्याळजी : म्हणजे... मनोरा गेला?

साहेब : थांबा हो. नवख्या माणसाला शिकवणारा कोणी जागेवर हजर असेल, तर नियमात बसतं. आहे का कोणी?

घड्याळजी : आहे. इथून हलतच नाही मेला.

साहेब : लिहिलं. आता माझ्यासमोर चावी देऊन दाखवा, बाई. मी येतो वर.

सून : एकशे चाळीस पायऱ्या आहेत.

साहेब : आजोबा, सरका जरा. कसं मोजता, ते मलाही शिकवा.