डावं चाक साईडपट्टीवर

तुम्ही हसाल, पण दादांची गाडी मी अलाइनमेंटला नेली ती ते गेल्यावर. डावीकडं ओढायची. मेस्त्रीनं खालून पाहिलं. म्हणाला, “सस्पेन्शन कंपनीचंच हाय, त्याचा दोष न्हाई. चालवतं कोन?”

“वडील चालवायचे.”

“सारखं डावं चाक साईडपट्टीवर उतरवत असनार.”

खरं होतं. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की दादा डांबर सोडायचे. मी चिडायचो. ते म्हणायचे, “त्याच्या मागं दोन ट्रॉल्या हायत. आपल्या मागं काय हाय?”

मेस्त्रीनं गाडी सरळ करून दिली. घोडेगावच्या अलीकडं ट्रॅक्टर आला, आणि मीच चाक खाली घेतलं.

आता ती पुन्हा डावीकडं ओढते. बायको म्हणते, दाखवून आणा. मी म्हणतो, राहू दे. स्टिअरिंग धरलं की दादांचा हात लागतो.